साधं पाणी, क्रिया नाही

मी नववीला विज्ञान शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. वर्ग गप्प बसतो, काम होतं.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी एक मुलगी हात धुऊन माझ्या मागे लागली. होटगीहून रोज एसटीनं यायची, बोलायची कमी. शाळेतून एकच प्रयोग पुढच्या फेरीला जाणार होता आणि तो आपला असावा असं तिला फार वाटत होतं. का गं, विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरातलं कुणी कशालाच निवडून गेलं न्हाई, बाई." एवढंच.

प्रयोग सोपा होता. पाच बाटल्या: व्हिनेगर, लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, ताक आणि साधं पाणी. प्रत्येकीच्या तोंडाला फुगा, फुग्यात चमचाभर खायचा सोडा. फुगा उचलून सोडा आत पाडायचा आणि फुगा ताठ व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. व्हिनेगर सगळ्यांच्या पुढे, ताक रडतखडत, आणि पाण्याचा फुगा लोळलेलाच राहणार. पाणी ठेवायचं ते बाकीच्यांशी ताडून बघायला.

पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "बाई, पाणीबी फसफसतंय की."

"बाटली धुतली नसशील. मागचं लिंबू राहिलं असेल."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पाण्याची बादली असते. तिनं त्यातल्या पाण्यानं बाटली धुतली, तेच पाणी भरलं आणि पुन्हा केलं. फुगा अर्धा उभा राहिला. तिसऱ्यांदाही तेच. मी वह्या तपासत होते, उठून बघितलंसुद्धा नाही. तिनं वहीत लिहून आणलं: साधं पाणी, फुगा अर्धा, नव्वद सेकंद. माझं टाळकंच सरकलं. "अगं, पाण्यानं फुगे फुगले असते तर गड्ड्याच्या जत्रेतले फुगेवाले तोंडानं कशाला फुगवत बसले असते? खोड ते." तिनं खोडलं. वर मी सांगितलं ते लिहिलं: क्रिया नाही. मग तेच तक्त्यावर निळ्या अक्षरांत गेलं.

दोन दिवसांनी प्रदर्शन होतं. परीक्षक म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी तक्ता पुरता वाचला आणि म्हणाले, "पाण्याचं करून दाखव बघू." तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कर म्हणून. तिनं बादलीतलं पाणी भरून आणलं, सोडा पाडला, आणि फुगा अर्धा उभा राहिला.

"तक्त्यावर तर क्रिया नाही लिहिलंय."

"माजं चुकलं, सर," ती म्हणाली.

मी हातभर अंतरावर उभी होते. एरवी सबंध मजल्याला ऐकू जातो तो माझा आवाज तेव्हा फुटला नाही.

परीक्षक चहाला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मी चरफडत ती बादली मोरीत ओतली, तर तळातून सुपारीएवढा तुरटीचा खडा बाहेर आला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते गढूळ असलं की घराघरात तुरटी फिरवतात. शिपाई रजेवर होता म्हणून या वेळी बादली मीच भरली होती. मुठीएवढा खडा फिरवत होते तोच तासाची घंटा झाली आणि खडा हातातून सुटला. नंतर काढू म्हटलं आणि विसरले. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, सोडा त्यात फसफसणारच. हे मी दरवर्षी शिकवते.

खडा रुमालात घेऊन मी खोलीच्या दारापर्यंत गेले. निवडीच्या यादीवर अजून सही व्हायची होती. आत हसणं चाललं होतं. दोन वाक्यांचं काम, पण म्हटलं, चहा होऊ दे. मग वाटलं, आपलीच शोभा होईल. तेवढ्यात यादी बाहेर आली. तिचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं, खडा तिच्या हातावर ठेवला आणि तो कुठं सापडला ते सांगितलं. तिनं तो उलटासुलटा करून बघितला. रडेल असं मला वाटलं होतं. पण पोरीचा चेहरा एकदम उजळला, आणि ते मला जास्त लागलं.

"म्हंजे माजं पयलं बरोबर होतं?"

"हो. तिन्ही वेळा."

"मग सरांना सांगितलं का बाई तुमी?"

मी "नाही" म्हणाले. तिला ऐकू आलं नाही.

"काय, बाई?" तिनं विचारलं.

मला पुन्हा सांगावं लागलं.