रिचच्या शेजारची जागा

"इतकी नीटनेटकी कशाला आलीस गं?" बाईंनी विचारलं आणि माझ्या वेणीची रिबीन ओढून सोडली.

पडद्यामागे उभी होते. दुसरीत होते. गॅदरिंगमध्ये आमच्या वर्गाचा इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांचा कार्यक्रम होता. जोडीजोडीनं पुढे जायचं. एकानं शब्द म्हणायचा, दुसऱ्यानं त्याच्या उलटा. टॉल, शॉर्ट. हॅपी, सॅड. रिच म्हणणाऱ्या मुलाला नवा कोट शिवला होता. पुअर म्हणायला मी. तालमीतच बाई म्हणाल्या होत्या, "हिला वेगळा ड्रेस नको. ही आहे तशीच चालेल."

वर्गात फी माफ असलेली मी एकटीच.

पण आईला एवढंच कळलेलं, की पोरगी स्टेजवर जाणार. तिनं तांब्यात निखारे घालून माझ्या गणवेशाला इस्त्री केली. चापूनचोपून वेण्या घातल्या. म्हणून बाईंना मला गरीब करावं लागलं. त्यांनी केस विस्कटले. शर्ट बाहेर ओढला. खिडकीतली धूळ बोटावर घेऊन माझ्या गालाला फासली.

मी पुढे गेले. हात पसरून म्हणाले, "पुअर." तसंच शिकवलं होतं. लोक हसले. टाळ्या पडल्या. मागे दाराशी आई उभी होती, द्राक्षांच्या पॅकिंगवरून अर्धी सुट्टी काढून आलेली. तीही टाळ्या वाजवत होती. बाकीचे थांबले तरी वाजवत होती.

वाटेत म्हणाली, "तुलाच लय टाळ्या पडल्या. पन रिबीन कुठं पाडलीस?"

मी गालावरची धूळ बाहीला पुसली.

यंदा आई गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी सिस्टरला सांगायची, "माझी पोर एवढीशी व्हती, तवा स्टेजवर इंग्लिश बोलली." मी पलंगाशी उभी असायचे. तेव्हाही खरं काय ते सांगता आलं नाही. तिच्याजवळचं ते एकच सुख कसं काढून घेणार?

आता मी नाशकातल्या एका इंग्रजी शाळेत शिकवते. आईचा जलदानविधी आटोपून कामावर परतले, त्याच आठवड्यात सुपरवायझर मॅडमनी बोलावलं.

"गॅदरिंगला ऑपोझिट्स बसवा. रिच-पुअर घ्याच, पालकांना फार आवडतं. पुअरला ती मोफत प्रवेशातली मुलगी घ्या. कॉस्च्यूमचीही कटकट नाही."

आणि त्या हसल्या.

"नाही," मी म्हणाले.

"अहो, गंमत असते ती. तुम्ही सध्या दुःखात आहात, म्हणून मनाला लावून घेताय."

"दुःखात आहे. पण 'नाही' त्यामुळे म्हणत नाहीये."

"ठीक आहे. दुसऱ्या टीचरना सांगते."

एवढंच. माझा नकार त्यांनी पेपरवेटसारखा बाजूला सरकवला. इतकी वर्षं गेली, मी शिकले, त्याच भाषेची शिक्षिका झाले, आणि ती जागा तिथेच. फक्त उभं करायला नवी मुलगी.

दारातून मी परत वळले.

"सांगा त्यांना. मी त्या मुलीच्या आईकडे जाते. पुअर म्हणजे काय, हात का पसरायचा, ते मराठीत सांगते."

मॅडम हसायच्या थांबल्या. "नोकरीचा विचार करा."

केला. शाळा सुटली की मी त्या मुलीच्या वस्तीवर जाणार आहे. लोक कशाला हसणार आहेत, हे तिच्या आईला टाळी वाजवायच्या आधी कळलेलं असेल.