राणीछाप रुपयाची परीक्षा

आमच्या पिंपळवंडीच्या घरात देवांच्या फळीवर चांदीचा एक राणीछाप रुपया असे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा निघताना त्यांच्या आईनं तो त्यांच्या ओटीत घातला होता. मी त्या वेळी शाळेत होतो. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी वहिनी मागच्या दारी बसून चिंच आणि राखेनं तो घासायच्या, शेवटी त्यावरून पांढऱ्या दंतमंजनाचं बोट फिरवायच्या. संध्याकाळी लाह्या-बत्ताशांच्या ताटात तो ठेवला, की समईची ज्योत त्यात हलताना दिसायची. घासून घासून राणीचं नाक जवळजवळ गेलं होतं. मला मात्र ती तशीच ओळखीची वाटायची.

नाणी जमवायचा नाद मला नव्वदच्या दशकात, घोडेगावला नोकरी लागल्यावर जडला. रविवारी जुन्नरच्या बाजारात मोडीच्या ढिगापाशी उकिडवा बसून मी शिवराई, भोकाचा पैसा, असलं काहीबाही वेचायचो. फोटोवाल्याकडून रिळांच्या रिकाम्या डब्या मागून आणायच्या आणि नाणी त्यांत ठेवायची. थोरला भाऊ टोमॅटोची क्रेटं लावता लावता हसायचा. "लोक पैसं बँकेत ठेवत्यात, आन आमचं सायेब डबीत!"

पुढे, दोन हजार साल उलटून गेल्यावर, पुण्यातल्या एका नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद केलेलं नाणं पहिल्यांदा पाहिलं. परदेशात एक संस्था होती. नाणं खरं की खोटं, किती झिजलेलं, हे ना विकणारा ठरवणार ना घेणारा. तिसराच कुणी तपासून सत्तरपैकी आकडा देणार. मी भारावून गेलो. माझं आयुष्य कचेरीत शेरे वाचण्यात चाललं होतं, म्हणूनही असेल. आपलंही एक नाणं पाठवावं असं मनानं घेतलं. पण डब्यांतलं एकही त्या खर्चाच्या लायकीचं नव्हतं.

मी वहिनींकडे रुपया परीक्षेसाठी मागितला.

"परीक्षा कुठं व्हायची म्हनं?"

"परदेशात."

"आगं बया! तुमच्या दादांनी मला भीमाशंकराच्या पल्याड काय दावलं न्हाई, आन माझा रुपाया इमानात बसनार!" मग जरा थांबून म्हणाल्या, "दिवाळीला माघारी यील ना, भाऊजी?"

"येईल."

"मग न्या."

व्यापाऱ्यानं मला बजावलं होतं, "आहे तसं आणा. फडक्यानं पुसूसुद्धा नका." हे मी घरी सांगितलं नाही. विसरलो म्हणणं सोपं आहे. खरं असं, की असल्या गोष्टी वहिनींना सांगायच्या असतात हे माझ्या मनातच आलं नाही.

निघायच्या सकाळी त्यांनी रुपया माझ्या हातावर ठेवला तो लख्ख. "परमुलखाला जायाचं, आन आंघोळ न घालता धाडू?" आणि मी, व्यापाऱ्याचे शब्द कानात असताना, ती चमक पाहून खूश झालो. वाटलं, आता आकडा चांगला पडेल. इतका मी नवखा होतो.

दिवाळीच्या तोंडावर पेटी परत आली. आकड्याच्या जागी इंग्रजीत एक ओळ होती: नाणं खरं, पण घासलेलं. व्यापारी म्हणाला, "घासलेल्याला आकडा देत नाहीत."

घरी वहिनी ओट्यावर वाटच बघत होत्या. "किती मार्क पडलं?"

"एकही नाही. तुम्ही घासलंत म्हणून. कुणी सांगितलं होतं घासायला?"

भावानं हातातलं क्रेट खाली ठेवलं. वहिनींनी पेटी उलटसुलट करून पाहिली. "हे उघडायचं कुठनं?"

"उघडायचं नसतं."

त्या दिवाळीला पेटीच ताटात ठेवली गेली. वहिनींनी वरून हळदकुंकू वाहिलं. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ते ठरेना, घरंगळून बत्ताशांवर पडलं. त्यांनी पदरानं पेटी पुसली आणि पुन्हा वाहिलं. मी बघत होतो. पुढच्या वर्षीही तसंच झालं. मागच्या दारी आता त्या तांब्या नि समई तेवढी घासायच्या.

त्या दुसऱ्या वर्षी शेजारची बाई पूजा बघायला आली आणि तिनं पेटीला हात घातला.

"आवं, त्याला हात नगा लावू," वहिनी घाईनं म्हणाल्या. "भाऊजींचा हाय त्यो."

भाऊजींचा. त्यांच्या आईनं ओटीत घातलेला रुपया. मला ताटासमोर बसवेना.

पाडव्याच्या सकाळी मी ती पेटी धुण्याच्या दगडावर ठेवली आणि भावाच्या मोठ्या पान्यानं हाणली. पहिल्या घावात नुसता चरा पडला, नंतर कड तडकली. आवाजानं वहिनी धावत बाहेर आल्या.

"आवो, काय करता? मार्क जातील ना!"

"मार्क नव्हतेच, वहिनी. घासू नका असं त्या व्यापाऱ्यानं मला सांगितलं होतं. मीच तुम्हाला सांगितलं नाही. आणि वर तुम्हालाच बोललो."

त्यांनी प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून रुपया उचलला. राणीच्या गालावरून, नाकाच्या जागेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता रडतील.

"म्हंजी नापास तुमी झालात, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आन दोन दिवाळ्या कोंडून ठेवलं हिला."

मग पायानं पाट ओढून त्या दगडापाशी बसल्या. मी चिंच आणायला आत गेलो.