सोलकढीचं तळं

सिटी सर्व्हेच्या ऑफिसात माणूस टिकला की त्याच्याकडे दोन गोष्टी साचतात, कंबरदुखी आणि किस्से. कंबरेला तेल लावता येतं. किस्से मात्र कुणाच्या तरी कानात ओतल्याशिवाय जीव हलका होत नाही. तर बसा! गाव मालवण किनाऱ्यावरचं, नगरपालिका असलेलं. नाव विचारू नका, माझं पेन्शन अजून चालू आहे.

जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. इंग्रजांच्या काळातले शहराचे नकाशे नव्याने तयार करा, असा वरून हुकूम आला. आम्ही तिघं. मी मोजणीदार, फीत घेऊन उन्हात फिरणारा. सावंत आरेखक, पंख्याखाली बसून नकाशे काढणारा. आणि डोक्यावर कदमसाहेब, सांगलीकडचे.

*

पहिल्याच आठवड्यात घोळ. मोजणी सुरू करायची तर आधी हद्दीचे सरकारी दगड सापडायला हवेत. अख्ख्या वाडीत एक दगड जागेवर असेल तर शपथ!

शेवटी सापडले. प्रत्येक घराच्या मागच्या दारी, न्हाणीजवळ. गुळगुळीत दगड, कपडे धुवायला एकदम फस्क्लास.

साहेब एका बाईवर कडाडले, "बाई, हा सरकारी दगड आहे!"

ती नवऱ्याचा खाकी शर्ट आपटत म्हणाली, "मगे मी तरी कोणाचे कपडे धुतंय? घोव पोस्टात आसा माझो!"

*

हसनचाचांचा प्लॉट नकाशात होता, जमिनीवर नव्हता. समुद्राने तो कधीच गिळलेला. तरी चाचा रोज ऑफिसात हजर, "माझी मोजणी कधी?"

"अहो चाचा, तिथे पाणी आहे!" साहेब वैतागले.

"आज आसा. दर्या आज न्हेता, उद्या परत हाडून टाकता. तेवा भांडाण कोणी करूचा?"

मुद्दा बिनतोड होता. मग काय, ओहोटीला कंबरभर पाण्यात उभा राहून मी प्लॉट मोजला. एक खेकडा पायाला चावला तो वेगळाच. रिपोर्ट जिल्ह्याला गेला आणि महिन्याभरात शेरा मारून परत आला, "सदर मिळकतीस कुंपण का नाही, याचा खुलासा करावा."

*

आता मुख्य भानगड. ऑफिसात मोठं टेबल एकच. नकाशा त्यावरच पसरलेला आणि आम्ही जेवायचोही त्यावरच. डबा यायचा पार्वतीकाकीच्या खानावळीतून. बाजारपेठेच्या मागे तिचं छोटं घर, पडवीत दोन बाकडी, तीच खानावळ. तिची सोलकढी प्यायला लोक कट्टा गावाहून एसटीने यायचे!

एका दुपारी साहेबांच्या हातून कढीची वाटी कलंडली. साहेबांनी रुमालाने पुसलं, पण डाग राहिला. चांगला पसरट, एका बाजूने शेपूट आलेला.

सावंत त्या दिवशी फोंडाघाटला लग्नाला गेलेला. परत आला आणि नकाशावर पारदर्शक कागद ठेवून गिरवायला बसला. त्याचं तत्त्व ठरलेलं, "मूळ नकाशात दिसेल ते मी काढतो. डोकं वापरायचा पगार मला मिळत नाही." त्याने डागाची कड निळ्या शाईने सुबक काढली, आत लाटा काढल्या आणि मध्ये लिहिलं, 'सार्वजनिक तळे'.

साहेबांनी न बघता सही ठोकली. नवा नकाशा नगरपालिकेत रुजू!

आणि कढी सांडली होती ती नेमकी पार्वतीकाकीच्या घरावर.

*

पावसाळ्याआधीच काकीला नोटीस आली. आपण सार्वजनिक तळे बुजवून घर बांधले आहे, ते काढून घ्यावे, नाहीतर नगरपालिका पाडेल!

बाईचा नवरा समुद्रात बुडून गेलेला. त्या चुलीवर तिने दोन मुली वाढवल्या, लग्नं केली. घर गेलं तर खानावळ गेली, खानावळ गेली तर बाई रस्त्यावर. ती नोटीस घेऊन ऑफिसात आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

साहेबांनी विचारलं, "तळं बुजवायची परवानगी घेतली होती का?"

काकीने मूळ नकाशा निरखून पाहिला. "ह्या तळा न्हय सायबानू. ही माझी कढी! माका वळखूक येता!"

"पुरावा?"

"वास घेवा!"

सावंतने वाकून वास घेतला. "लसूण आहे, साहेब."

"वासाची नोंद घ्यायला रकाना नाही," साहेब म्हणाले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, वाटी तुमचीच होती."

"अहो, सही पण माझीच आहे ना! चूक कबूल केली तर इन्क्रिमेंट गेलं!" असा राग आला मला! पण माझा गोपनीय अहवाल लिहिणार तेच.

*

नियमाप्रमाणे जागेची पाहणी झाली. भर मे महिन्यात. साहेबांनी लिहिलं, "उन्हामुळे तळे आटलेले आढळले."

मी म्हटलं, "साहेब, मधोमध चूल आहे!"

"आटल्यावर मांडली असेल."

काकीने फेरपाहणीचा अर्ज दिला. फेरपाहणी निघाली श्रावणात. रात्रभर कोसळलेला पाऊस, गल्लीत गुडघाभर पाणी. साहेब छत्री धरून उभे, "घ्या लिहून. तळे पूर्ववत."

काकी दारातलं पाणी खराट्याने लोटत होती. ती म्हणाली, "मगे बाजारपेठ पण तळाच काय? थंय तर पोरां पवतत!"

साहेबांनी तेवढं मात्र लिहून घेतलं नाही.

*

आणि मग नगरपालिकेत कॉम्प्युटर आला. नकाशातली एकेक मिळकत त्यात भरायची. कोल्हापूरचा इंजिनिअर सांगून गेला की एकदा आत गेलं की कुणाच्या बापाला बदलता येणार नाही! म्हणजे काकीच्या घरावर कायमचं पाणी. घर पाडायला माणसंही ठरलेली, उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी.

उद्घाटनाला सगळा गाव. चपला बाहेर. टेबलावर मशीन, शेजारी आमचा नवा नकाशा, दोघांनाही झेंडूचे हार. आता आमच्याकडे साधा पंप सुरू करायचा तरी आधी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गावचा मानकरी देवाला मोठ्याने एकेक मागणं सांगतो आणि जमलेले सगळे दर मागण्याला म्हणतात, "होय म्हाराजा!" देवासमोर होय म्हटलं की ते फिरवायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

मानकरी होते आबा गावकर. दोन्ही वेळचं जेवण काकीच्या खानावळीत, तिथेच एकदा वाटीचा किस्सा मी त्यांच्या कानात ओतलेला. नारळ फोडायचा मान कदमसाहेबांचा. साहेबांना मालवणी अजून अर्धीच कळायची, पण गाऱ्हाण्याची भारी हौस. 'होय म्हाराजा' त्यांचं सगळ्यांच्या वर!

आबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ही जी काय मशीन हंय हाडल्यानी हा, ती बरी चालांदे!"

"होय म्हाराजा!"

"तिची लायट कधी जाव नये!"

"होय म्हाराजा!"

"ह्या आमच्या सायबाची पोरांबाळां सुखी ठेव, तेका बढती मेळांदे!"

"होय म्हाराजा!" साहेबांनी छत दणाणून सोडलं.

आबांनी दम घेतला नाही. "आनी ह्याच सायबाच्या हातसून पारवतीच्या घरावर जी कढी सांडली, ती आज, आत्ता, तेच्याच हातान पुसून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

याही वेळी सगळ्यात मोठा आवाज साहेबांचाच होता.

नगराध्यक्ष साहेबांकडे बघताहेत, इंजिनिअर बघतोय, दारात पार्वतीकाकी हात जोडून उभी. आबांच्या शब्दांचा अर्थ साहेबांच्या डोक्यात आत्ता कुठे उतरत होता.

साहेबांनी कुणाकडेच न बघता विचारलं, "सावंत, ही शाई कशाने निघते हो?"

"ब्लेडने खरवडावी लागते, साहेब."

"आणा. आधी नारळ फोडून घेतो."

आबांनी पुढे होऊन नारळ साहेबांच्या हातातून काढून घेतला.

"आदी ता करा सायबानू. नारळ मागसून."