परमुलखातली न्याहारी

कल्याणच्या मामलेदार कचेरीतले एक कारकून माझे शेजारी होते. परमुलखात जायचे तर त्यांची सोबत धरावी, असे आळीत म्हणत, कारण मुक्कामाला आणि न्याहारीला ते पैसा पडू देत नसत. आगगाडीतून उतरले की आधी धर्मशाळा गाठत; तिथे तीन रात्री फुकट. सकाळी घरून आणलेले पोहे भिजवत. दही तेवढे विकत, तेही 'आंबट आहे हो तुमचं' म्हणत दोन गवळणींकडे चाखून तिसरीकडे घेत.

मुलीच्या स्थळासाठी मी बडोद्याला गेलो, तेव्हा तेही कामानिमित्त बरोबर होते. मी पोहे तीन दिवसांचे मोजून घेतले होते. तीन दिवस सरले तरी मुलाचे वडील परगावाहून परतले नव्हते. आणखी दोन दिवस लागतील, असा निरोप आला. खाणावळीत खोली घ्यावी तर परतीचे भाडे मोडणार, आणि न भेटता निघावे तर चांगले स्थळ हातचे जाणार.

"मी उद्या निघतो," मी म्हणालो.

"बसा हो, पंत." त्यांनी वळकटीतून वेगळे गाठोडे काढले. "हे तुमच्या वाटचे पोहे. झोपायला नदीवरच्या देवळाची ओवरी आहे."

"माझ्यासाठी मुद्दाम आणलेत?"

"तुम्ही हिशेबाचे पक्के. तुमच्याकडे शिल्लक कुठली राहायला?"

मुलगी आज बडोद्यात नांदते आहे. ते मात्र आता नाहीत. तिच्याकडे निघताना पोहे मी अजूनही मोजूनच घेतो, आणि मग एक गाठोडे न मोजता बांधतो.