नवनाथ बोरस्तेंचे पाच ढीग

नवनाथ बोरस्ते सातपूरच्या एका कंपनीत चौतीस वर्षं तपासनीस होते. दुसऱ्याने घडवलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं ते काम. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात सांभाळणं किती जिकिरीचं असतं, हे त्यांच्या पत्नीला, साधनाताईंना विचारावं. पण तशी सोय राहिली नव्हती. साधनाताई श्रावणात बडोद्याला गेल्या होत्या, लेकीच्या, पिंकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. "दिवाळीला येतेच," म्हणाल्या होत्या. दिवाळी झाली. संक्रांतीचा तिळगूळ कुरिअरने आला. आता बाजारात द्राक्षांच्या गाड्या लागल्या, तरी साधनाताईंचं बाळंतपण काही उरकेना.

जाताना त्यांनी जेवणाचा डबा लावून दिला होता, त्यामुळे स्वयंपाकाबद्दल चकार शब्द काढला नाही. बजावलं ते धुण्याबद्दल.

"मशीन आहे म्हणून उड्या मारू नका. त्याला अक्कल नसते. टाकाल ते घुसळतं. आधी ढीग करायचे. पाच."

मोरीपुढच्या फरशीवर त्यांनी जागासुद्धा दाखवून ठेवल्या. दाराशी पांढरे. त्यांच्या शेजारी रंगीत. खिडकीखाली रंग सोडणारे, ज्यांचा कोपरा भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबून बघायचा. पलीकडे स्वयंपाकघरातली फडकी. आणि सगळ्यांपासून हातभर लांब, लोखंडी बादलीपाशी, कंपनीचे.

आता निवृत्तीनंतर कंपनीचे कपडे कुठून येणार? एक निळा गणवेश उरला होता, तोही स्कूटर पुसताना घालायचा. पण पाचवी जागा साधनाताईंनी मोडली नव्हती. चौतीस वर्षं त्या बादलीत त्यांनी ऑइलने माखलेले गणवेश सोडा टाकून ब्रशने घासले. घासताना त्या गणवेशाशी बोलत. "कुठं लोळला होतास रे? खिशात परत वॉशर? दुकान काढायचंय का आपल्याला?" गणवेशाचा मालक बाहेर पेपर वाचत असे. सगळं ऐकू यायचं, पण प्रश्न आपल्याला नाही म्हटल्यावर उत्तर कशाला द्या? संसार असा मध्ये एक गणवेश ठेवून छान चालला होता.

पहिल्या सोमवारी नवनाथरावांनी पाचही ढिगांचा एकच ढीग केला. त्यात पिंकीची एक जुनी लाल ओढणी निघाली. तासाभराने त्यांच्या सहाही बनियनना लग्नात मिरवण्याजोगा गुलाबी रंग चढला. घाबरून त्यांनी बडोद्याला व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, हे काय केलंत! ती ओढणी मी मुद्दाम वेगळी ठेवली होती. जरा मोबाइल खाली धरा. खाली! मला तुमचं नाक दिसतंय."

पाऊण तास बोलणी बसली. फोन ठेवल्यावर नवनाथरावांच्या लक्षात आलं, की आपण बायकोशी सलग पाऊण तास बोललो. छत्तीस वर्षांच्या संसारात हा विक्रम होता.

दुसऱ्या सोमवारी सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला त्यांनी साबण चोळला. डाग लालभडक झाला, त्यांना वाटलं रक्तच आलं. चाळीस मिनिटं. "उन्हात टाका, आपोआप जाईल. हळदीला ऊनच लागतं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल." डाग खरोखरच गेला.

तिसऱ्या सोमवारी सगळं बिनचूक झालं. माणूस मुळात तपासनीस. दोन चुकांत काम शिकला. ढीग बरोबर, रुमालावरची परीक्षा बरोबर, झटकून वाळत घातलेल्या कॉलरी ताठ. मोठ्या तोऱ्यात त्यांनी फोन लावून दोरी दाखवली.

"छान," साधनाताई म्हणाल्या. "जमलं म्हणायचं. ठेवू का? बाळ उठलंय."

दोन मिनिटं.

त्या दिवशी नवनाथराव गच्चीवर बराच वेळ उभे राहिले. दोरीवरचे कपडे वाऱ्यावर हलत होते. त्यातला एकही बोलत नव्हता.

मग त्यांनी चौतीस वर्षांचा अनुभव उलटा लावला. जन्मभर खोट शोधली, आता खोट तयार करायला घेतली. कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात पुढच्या चुका मांडल्या जाऊ लागल्या. 'कॉलर मळकट.' 'मोजा हरवला (एकच).' एका चौकोनात 'मिसळ' होतं. त्यासाठी ते रविवारी मुद्दाम पांढरा सदरा घालून गेले आणि काळजावर दगड ठेवून चमचाभर तर्री छातीवर सांडली. रस्सा वाया गेल्याचं दुःख त्यांना खरोखर झालं, त्यामुळे सोमवारचा चेहरा अगदी अस्सल पडला. पन्नास मिनिटं.

कपडे प्रत्यक्षात उत्तम निघत. फोन झाला की नवनाथराव शांतपणे डाग काढत, मोजा कपाटातून जोडीला आणत आणि सगळं दोरीवर असं टांगत, की खालच्या मजल्यावरच्या तानुबाईंना मान वर करून बघावंसं वाटे.

आणि तानुबाई नुसतं बघून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. माघातल्या एका दुपारी त्यांनी साधनाताईंना फोन केला आणि कौतुकाचा नळच सोडला. "नवनाथभाऊंची दोरी बघून मला लाज वाटते हो! पांढरं तर असं, की डोळे दिपतात. आमच्या ह्यांना मी रोज दाखवते."

पुढच्या सोमवारी नवनाथरावांनी फोन लावला. कार्यक्रमात 'नीळ जास्त' होतं. एक बनियन त्यांनी त्यासाठी निळंजांभळं करून ठेवलं होतं.

"अगं, हे बघ काय झालं..."

"कधीपासून येतंय तुम्हाला?" साधनाताईंनी विचारलं.

"काय?"

"धुणं. तानुबाईंचा फोन आला होता."

नवनाथरावांनी बनियन खाली ठेवलं. तपासणीत माल पकडला गेल्यावर कामगार कसा दिसतो, हे ते चौतीस वर्षं पाहत आले होते.

"तिसऱ्या आठवड्यापासून," ते म्हणाले.

"आणि मिसळ?"

"मुद्दाम सांडली."

"अहो, तो सदरा नवा होता!"

"निघाला डाग. लिंबू लावलं."

पलीकडे नुसती भिंत दिसू लागली. साधनाताईंनी फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा. आता त्या फोन बंद करणार, आणि पुढच्या सोमवारी फोन करायला आपल्याकडे काहीच कारण नसणार, एवढंच नवनाथरावांना कळलं.

मग नुसता आवाज आला. "इथं काही नसतं बघा धुण्याचं. मशीनच वाळवून देतं. गरम गरम बाहेर येतात, पापडासारखे. ह्या घराला दोरीच नाही."

नवनाथरावांना बोलायचं होतं. छत्तीस वर्षांत त्यांनी बायकोला 'ये' असं कधी म्हटलं नव्हतं. ती कुठे गेलीच नव्हती, तर म्हणणार कधी? म्हणून ते उठले, खोलीच्या दाराकडे गेले आणि मोबाइल धरला. या वेळी बरोबर, नाक दिसणार नाही असा.

"ही कोणत्या ढिगात टाकू?"

दारामागच्या खुंटीला एक सुती साडी होती. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. बडोद्याला निघताना साधनाताईंनी घाईघाईत बदलून तिथे अडकवली होती.

"अगंबाई. ही अजून तशीच?"

"दर सोमवारी काढतो. सगळ्या ढिगांपाशी धरून बघतो. ह्यात नको, त्यात नको. परत अडकवतो."

"आणि पाचवा ढीग?"

"तिथं ठेवून बघितली एकदा. बादलीपाशी. नाही जमलं."

पलीकडे बाळाने रडायला सुरुवात केली. या खेपेला साधनाताई लगेच उठल्या नाहीत.

"पिंकीच्या सासूबाईंच्या मनात फाल्गुनात जावळ काढायचं आहे," त्या म्हणाल्या. "अजून तारीख ठरली नाही. ते झालं की बघते."

"बघ."

"आणि त्या साडीला हात लावू नका. रंग सोडते ती. मीच धुईन."

"बरं."

"ठेवते आता. आणि पुढच्या सोमवारी काही बिघडवू नका हो. तसाच करा फोन."

फोन बंद झाला. नवनाथरावांनी निळंजांभळं बनियन बादलीत टाकलं, त्या लांबच्या, लोखंडी, आणि मोरीत बसून दोन्ही हातांनी घासायला लागले. घासता घासता त्याच्याशी बोललेही.

"काय रे," ते म्हणाले, "फाल्गुन म्हणजे किती सोमवार?"