बंकटमामाच्या टँकरचा सायलेन्सर

मांजरसुंब्याला माझं गॅरेज आहे. ‘गाडीला काहीतरी बाधलंय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी त्याचं कुजलेलं वायरिंग दाखवतो. भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही, त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय... पण गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे.

बंकटमामा गावच्या दूध सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. दुष्काळात सभासदांच्या जनावरांना पाणी पोचवायचं, हे त्याचं काम. माणूस महाभांडखोर, चेअरमनसुद्धा त्याला वचकून असायचे. माझ्यावर मात्र त्याचा फार जीव. उन्हाळ्याच्या तोंडावर तो झोपेतच गेला आणि टँकर शकीलच्या हाती आला.

थोड्याच दिवसांत शकील गाडी घेऊन दारात. “भाऊ, गाडी चढाला उचलंना झाली. डॅशबोर्डवर इंजिनाची लाइट बी जळायली.”

स्कॅनर लावला. एक्झॉस्ट टेंपरेचर सेन्सरचा, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातली उष्णता मोजणाऱ्या सेन्सरचा फॉल्ट. सेन्सर बदलला, लाइट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट पुन्हा हजर! वायरिंग तपासलं, कनेक्टर साफ केला, आणखी एक नवा सेन्सर टाकला... तेच. तिकडे जनावरं तहानलेली आणि इकडे शकील मला हसतोय. माझं टाळकं सरकलं. भरलेला टँकर रात्रभर गॅरेजमध्येच ठेवला, बॅटरीची वायर काढली आणि चावी खिशात घातली.

सकाळी वायर जोडून, गाडी सुरू करायच्या आधीच स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत सगळे सेन्सर साधारण हवेइतकंच तापमान दाखवतात. इंजिन गारच दाखवत होतं. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर मात्र तापलेला — गाडी नुकतीच लांबून आल्यासारखा. हा मेळ बसत नाही म्हणून गाडीचा कॉम्प्युटर पिकअप तोडत होता. ‘हाही सेन्सर बोगस!’ म्हणत चिडून खाली शिरलो, पाइपाला हात लावला आणि बोटं भाजली. सेन्सर खरं बोलत होता. इतके दिवस गाडी चालूनच यायची, म्हणून पाइप गरम असण्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

शकीलचं हसू मावळलं. तरी जनावरांना पाणी तर द्यायचं होतं. चढ काही जमेना, म्हणून माळावरच्या सपाट वाटेनं निघालो. त्या वाटेवर एक छोटी वस्ती आहे. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे चार-दोन म्हातारी. जनावरं नाहीत म्हणून सभासद नाहीत, म्हणून टँकरही नाही.

आमच्याकडे पाणी येणार नसेल तेव्हा टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप, पालथं घालून ठेवतात, आत धूळ जाऊ नये म्हणून. तिथे मात्र प्रत्येक दारात टिपाड सरळ होतं. एका टिपाडाला टेकून गयाबाई नावाची म्हातारी बसलेली. मला बघताच म्हणाली, “तू बंकटचा भाचा न्हवं? नाक त्याचंच हाय. पयली खेप आमालाच टाकायचा त्यो, कुणाला न सांगता.”

“मामा गेला, मावशी.”

“म्हाईत हाय की! म्हणून काय येत न्हाई व्हय? रोज पाटंचं गाडी वाजती. आमी टिपाडं सरळ करतो. दारात येऊन थांबती, पर पाणी काय सोडीत न्हाई. लई शिव्या दिल्या म्या त्याला!”

शकीलनं माझा दंड धरला. मी कसंबसं विचारलं, “मग पाणी कुठून आणता?”

“म्हातारा हिरीत उतरतो, वाटी घेऊन. आता त्याचे पाय कापत्यात रं.”

मला रडू आवरलं नाही. आम्ही एकूण एक टिपाड काठोकाठ भरलं. गयाबाईनं त्यातलं तांब्याभर पाणी पहिल्यांदा मलाच पाजलं.

दुसऱ्या दिवशी पाइप गार होता. लाइट पुन्हा लागली नाही. शकील अजूनही पहिली खेप तिथेच टाकतो, सोसायटीत कुणी काही बोलत नाही.

वायर काढलेली, इंजिन गार, चावी माझ्या खिशात. मग पाइप कसा तापला, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं की मामा रोज त्या दारापर्यंत जात होता. पाणी तेवढं त्याला नेता येत नव्हतं.