मुद्देमालातल्या नऊ कॅसेट

कागदावर तो गुन्हा अगदी किरकोळ होता. कोणी मेले नाही, कोणाचे घर फुटले नाही. तरी माझ्या नोकरीतला तेवढाच एक गुन्हा असा आहे, की तो आठवला नाही असा आठवडा जात नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला दोन वर्षे झाली. अर्जात कारण ‘घरगुती’ लिहिले होते. नोकरीत जे बोललो नाही ते आता लिहितो. नावे कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी मुंबईच्या एका कंपनीचा प्रतिनिधी तक्रार घेऊन आला. ही कंपनी फार जुने परदेशी अंतराळपट घेई, त्यांचे चित्र साफ करी आणि नव्या डिस्कवर पुन्हा बाजारात आणी. त्यांच्या डिस्कच्या नकला आमच्याकडच्या आठवडी बाजारात विकल्या जातात, असे त्याचे म्हणणे होते. “साहब, पिक्चर हमारी है, आवाज पता नहीं किसकी है,” तो म्हणाला.

खबऱ्याने दोन दिवसांत एक नक्कल आणून दिली. ठाण्याच्या संगणकावर ती लावली. पडद्यावर उडती तबकडी जमिनीवर उतरत होती आणि इंग्रजी संवादांच्या जागी एक माणूस झाडीबोलीत, आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीत, सांगत होता: “आता हे बशी खाली उतरून राहिली. कायले उतरून राहिली? त्याइच्याकडं पानी नाही. वरून चोरखमाऱ्याचं तलाव दिसलं, न् म्हनलं, इथंच उतरू.” पुढे यंत्रमानव आला. “हा पाटलाचा नवा गडी. काम सांगतलं का करते, जेवाले मांगत नाही.”

हजेरीला आलेले सगळे शिपाई तिथेच उभे राहिले. मी दोनदा हाकलले, दोनदा परत आले. आमचे एक हवालदार मात्र हसत नव्हते. ते त्याच भागातले.

“साहेब,” ते म्हणाले, “ह्या आवाजाचा मानूस मरून बारा वर्षं झाली.”

मग त्यांनी सांगितले ते असे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. पाहुणे येतात, दंडारीचे लोकनाट्य रंगते, नाटके होतात. व्हीसीआरच्या काळात हा माणूस मंडईला व्हिडिओ घेऊन जाई. इंग्रजी कोणाला कळत नसे, म्हणून टीव्हीच्या बाजूला माइक धरून बसे आणि मनाने गोष्ट सांगे. पण दोन गावांची मंडई एकाच दिवशी आली तर? त्यासाठी त्याने आपले सांगणे ऑडिओ कॅसेटवर भरून ठेवले होते. एका गावाला तो स्वतः जाई, दुसऱ्या गावाला त्याची कॅसेट. अशा नऊ चित्रपटांच्या नऊ कॅसेट होत्या.

त्याच्या मुलाचे मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. वय चाळिशीच्या आसपास, बुजरा माणूस. त्याला ठाण्यात बोलावले.

“आवाज बावाचा आहे जी. पन डिस्क कोनं बनवली, मले नाही माहीत.”

“तुझ्या बापाचा आवाज, आणि तुला माहीत नाही?”

“बावाले सारा जिल्हा ओरखे साहेब. कोनीही भरला असंन.”

दोन तास तो एवढ्यावरच अडून राहिला. दमदाटीने असा माणूस आणखी मिटतो, हे मला अनुभवाने माहीत होते. मी प्रतिनिधीला विचारले, तुमच्या नव्या डिस्कमध्ये वेगळे काय आहे? तो म्हणाला, पूर्वी कापलेले काही प्रसंग आम्ही परत जोडले आहेत, “पुरानी व्हिडिओ कॅसेट में ये सीन थे ही नहीं.” म्हणजे त्या प्रसंगांवर बापाचे बोलणे असणे शक्यच नव्हते. मी ती जागा शोधून काढली आणि मुलासमोर लावली. यानातला माणूस एकटाच खिडकीशी उभा राहून दूरच्या पृथ्वीकडे पाहतो. तिथे आवाज बदलला होता. बापापेक्षा तरुण, दबका: “ह्याले घरची आठवन येऊन राहिली. बोलन कोनाशी? कोनीच नाही तिथं.”

मी डिस्क थांबवली.

“हा आवाज कोणाचा?”

“माहा,” तो म्हणाला. “तिथं बावा चूप होता जी. चित्र सरके, न् बावा चूप. माय म्हने, हा काऊन थांबला? मंग बावा असता तं काय बोलला असता, ते बोललो.”

जुन्या व्हिडिओ टेपांना बुरशी लागली होती. कंपनीच्या डिस्कवर चित्र लखलखीत आले, म्हणून त्याने बापाचा आवाज त्यावर बसवला, आईसाठी. दोनच चित्रपट झाले होते. शेजाऱ्यांनी मागितले, मग शेजारच्या गावांनी.

त्याच्या घरी पंचांसमक्ष जप्ती केली. संगणक आणि नकला घेतल्या. तेवढ्याने काम भागत होते. कपाटात कॅसेटचा डबा दिसला. प्रतिनिधी शेजारी उभा होता, यादी भरदार दिसावी असे मलाही वाटले. मी हवालदारांना म्हणालो, “हेही घ्या.”

त्याची म्हातारी आई दारात आडवी आली. “बाकी सारं न्या साहेब. हे नका नेऊ जी. याच्यात माहा मानूस आहे.”

“तपास झाला की मिळेल,” मी म्हणालो.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

कॅसेटमध्ये काय आहे हे तपासणे भाग होते. खोलीचे दार लावून तीन दुपारी मी नऊच्या नऊ ऐकल्या. मनापासून हसलो. एका जागी त्याला ठसका लागतो आणि मागून एक बाई म्हणते, “पानी पी नं आधी.” त्यात कंपनीचा एक शब्दही नव्हता, हे तेव्हाच कळले. तरी मुलाने कॅसेट परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आणि आमचा अभिप्राय मागवला गेला, तेव्हा मी लिहिले: ‘तपास अपूर्ण. मुद्देमाल परत देण्यास हरकत आहे.’ परत दिल्या तर मुळात घेतल्या कशाला, हा प्रश्न आला असता. एवढेच कारण होते.

पुढे मोहाच्या दारूविरुद्ध मोहीम झाली. मुद्देमाल खोलीत जागा उरली नाही. दारूच्या कॅन त्या डब्याच्या वर रचा, असे मीच सांगितले. त्यातली एक महिनाभर झिरपत होती. खटला टिकला नाही, प्रतिनिधी साक्षीला आलाच नाही. कॅसेट परत द्यायला काढल्या तेव्हा आतल्या फिती एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या. पावतीवर मी लिहिले, ‘पावसाच्या ओलाव्याने खराब.’ दारूचा वास येत होता. मुलाने डबा नाकाशी नेला, सही केली आणि गेला.

गावांत गेलेल्या नकला आम्हांला सगळ्या सापडल्या नव्हत्या, म्हणून दोन चित्रपट वाचले. सात गेले.

निवृत्तीनंतर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि हे सगळे जसेच्या तसे सांगितले. हरकतीचे, कॅनचे, पावतीवरच्या खोट्या शेऱ्याचे. मुलगा उठून बाहेर गेला. म्हातारी हातातले तांदूळ निवडत राहिली.

“तुमी आयकल्या होत्या का त्या?”

“हो. नऊच्या नऊ.”

“मंग सांगा.”

“काय सांगू?”

“काय बोलला तो, ते. तुमाले तं लोकायचं बोलनं ध्यानात ठेवाची सवय असते.”

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. माझा जबाब असा कोणी घेतला नव्हता. चाचरत सुरुवात केली. चंद्रावरच्या माणसांचा चित्रपट होता. मला आठवले तेवढे तिच्या नवऱ्याच्या शब्दांत सांगितले. चुकलो की ती टोकायची, “असं नाही म्हनत तो. ‘आता’ म्हनल्याबिगर त्याची गोष्टच सुरू नाही होत.” ठसक्याची जागा आली तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. ती हसत होती. केव्हातरी मुलगा आत येऊन भिंतीशी बसला.

जप्त करण्याचा अधिकार असणे आणि जप्त करण्याची गरज असणे यांत फरक आहे, हे मला प्रशिक्षणात शिकवले असेलही. मी ते त्या घरात शिकलो. कायद्याने मला कोणी दोषी धरणार नाही. म्हणूनच ही शिक्षा मला बरी वाटते. आता महिन्यातून एकदा जातो. चार चित्रपट सांगून झाले आहेत. मुलगा मोबाइलवर भरून घेतो, माझ्याशी फारसे बोलत नाही, पण चहा स्वतः आणून ठेवतो.

मागच्या खेपेला निघताना म्हातारी म्हणाली, “तुमचा आवाज काई चांगला नाही साहेब. पन पुढच्या महिन्यात या. तीन राहिले आहेत अजून.”